चष्मा घालवण्याआधीचे दोन तास

“मार्गशीर्षात लग्न आहे. फोटोत चष्मा नकोय,” असं म्हणत तो खुर्चीत बसला. वय २३, दोन्ही डोळ्यांना मायनस चारच्या आसपास नंबर, थोडासा सिलिंडर. सोबत आई. दोन तासांनी डॉक्टरांनी ‘तुम्हाला लेसर करता येणार नाही’ असं सांगितलं, तेव्हा तो त्यांच्यापुढे काही बोलला नाही. बाहेर येऊन मला गाठलं. “मॅडम, माझ्या रूममेटचा मायनस सात होता. त्याचा गेला. मग माझा चार का नाही जाणार?”

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टर पेशंटला बघतात त्याआधी डोळ्यांची सगळी मोजमापं काढून फाईलला लावणारी. हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो आणि दर वेळी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या त्याचं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून जरा बसून सांगते.

मुळात नंबर ‘जातो’ हा शब्द फसवा आहे. मायनस नंबर बहुतेक वेळा डोळा लांब असल्यामुळे असतो. सर्वसाधारण डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर भरतो. तो त्याहून लांब वाढला की लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर न पडता अलीकडेच तयार होते. लेसर या लांबीला हातही लावत नाही. तो डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, म्हणजे कॉर्नियाचा, बाक थोडा सपाट करतो, तोही मधला भाग मायक्रॉन-मायक्रॉनने उडवून. आणि उडवलेलं परत येत नाही.

कॉर्नियाची मधली जाडी साधारण ५४० मायक्रॉन असते. आपल्याकडे बऱ्याच जणांची त्याहून थोडी कमीच. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर सात-आठ केस एकावर एक ठेवल्यावर जेवढी जाडी होईल तेवढ्यात आमचा सगळा व्यवहार. यात लेसर इतका नेमका चालतो, की एका ठोक्याला पाव मायक्रॉनच्या आसपास भाग उडतो आणि शेजारी भाजल्याची खूण उमटत नाही. त्याच्या या गुणाचा शोधही गमतीशीर आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस त्यांनी तिथे नेलं आणि एक्सायमर लेसरने त्यावर रेघ मारून पाहिली. कडा स्वच्छ, भाजल्याचं नाव नाही. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे उचललं. यंत्राचा नेमकेपणा तेव्हापासून वाढतच गेला आहे. म्हणूनच हल्ली अडचण यंत्रात क्वचित असते. अडचण असते ती यंत्राखाली कोणता डोळा ठेवायचा याची.

आता रूममेटचं गणित. लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेत आधी कॉर्नियाचा वरचा पापुद्रा बिजागरीच्या दारासारखा उचलतात. त्याला फ्लॅप म्हणतात, जाडी धरू ११० मायक्रॉन. मग खालच्या भागावर लेसर. साडेसहा मिलिमीटर रुंदीचा भाग सपाट करायचा तर दर एका नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन खर्च होतात. मायनस सात म्हणजे ९८. रूममेटचा कॉर्निया, समजा, ५७० मायक्रॉन असेल, तर ११० आणि ९८ वजा जाऊन ३६२ उरले. आमच्या मुलाचा कॉर्निया ५१८. त्यातून ११० फ्लॅपचे, ५६ लेसरचे. उरले ३५२.

म्हणजे दोघांचं उरलेलं जवळजवळ सारखंच! हिशेबाने पाहिलं तर दोघंही पास.

फ्लॅप परत जागेवर बसवतात तरी वजाबाकीत तो का धरायचा, असं कुणी विचारेल. कारण एकदा कापलेला पापुद्रा परत चिकटला तरी डोळ्याचा आतला दाब पेलायच्या कामात त्याचा फारसा उपयोग राहत नाही. भार सगळा खाली उरलेल्या थरावर येतो. त्यात कॉर्नियाचे पुढचे थर चटईसारखे एकमेकांत घट्ट विणलेले असतात आणि मागचे कागदाच्या गठ्ठ्यासारखे नुसते एकावर एक रचलेले. आपण कापतो ती नेमकी चटई. उरलेला थर किमान २५० मायक्रॉन असावा, असा जुना नियम आहे. बहुतेक सर्जन आता ३०० च्या खाली जायला राजी नसतात. शिवाय टक्केवारी बघतात: फ्लॅप आणि लेसर मिळून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांच्या वर गेलं, तर धोका वाढतो. एखाद्याचा कॉर्निया ४९० आणि नंबर मायनस आठ असेल, तर ११० आणि ११२ वजा जाऊन २६८ उरतात. जुन्या नियमात बसतात, पण टक्के होतात ४५. असा पेशंट गणितातच नापास होतो, पुढचं काही बघावं लागत नाही.

आमचा मुलगा अडला तो कॉर्नियाच्या नकाशात.

डोळ्यात कायम सुमारे १५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो आणि तो कॉर्नियाला आतून बाहेर ढकलत असतो. निरोगी कॉर्निया हे आयुष्यभर सहन करतो. काहींचा मात्र मुळातच मऊ असतो. दाबाखाली तो हळूहळू पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. हा केरॅटोकोनस. साधारण पौगंडावस्थेत सुरू होतो, विशीत वाढतो, आणि अगदी सुरुवातीला पेशंटला फक्त सिलिंडर नंबर बदलल्यासारखा वाटतो. तो चष्म्याच्या दुकानात जातो, नवी काच बसवतो, झालं. अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर आधीच मऊ असलेली भिंत आपण आणखी कोरतो. मग काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, कॉर्निया फुगायला लागतो. त्याला एक्टेशिया म्हणतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओ सायलर यांनी १९९८ साली लॅसिकनंतरचे असे पेशंट प्रथम मांडले, आणि लेसरआधीच्या तपासणीचा सगळा रोखच बदलला. एक्टेशिया झालेल्याला चष्म्याने नीट दिसत नाही. कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागतात, फार वाढलं तर कॉर्नियाचं रोपण. चष्मा नको म्हणून आलेल्या माणसाला हे देणं कुणालाच परवडणारं नाही.

केरॅटोकोनस आपल्याकडे किती? अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका जुन्या पाहणीत दोन हजारांत एक असं प्रमाण निघालं होतं. नागपूर परिसरातल्या खेड्यांतल्या तीस वर्षांवरच्या लोकांच्या डोळ्यांची मोठी पाहणी झाली, तिचे आकडे २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात हे प्रमाण २.३ टक्के आलं. यात एक मेख आहे. तिथे निदानासाठी फक्त कॉर्नियाचा बाक ठरावीक आकड्याच्या वर आहे का एवढंच पाहिलं होतं. निकष थोडा कडक केला की प्रमाण झपाट्याने खाली येतं. त्यामुळे मी तो आकडा छातीठोकपणे सांगत फिरत नाही. पण आमच्या खुर्चीत बसणाऱ्यांमध्ये संशयास्पद नकाशे येत राहतात, हे रोजचं आहे. शिवाय केरॅटोकोनस असणाऱ्यांचा चष्मा सारखा बदलतो, म्हणून ते वैतागून लेसरकडे येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्तच!

नकाशा काढायचं यंत्र म्हणजे पेंटाकॅम. हनुवटी आधारावर, कपाळ पट्टीला, समोर निळ्या प्रकाशाची रेघ. “डोळे मोठे उघडा, आता पापणी लववू नका,” असं मी म्हणते आणि दोन सेकंदांत कॅमेरा अर्धं वर्तुळ फिरून कॉर्नियाचे डझनावारी छेद टिपतो. त्यामागची युक्ती ऑस्ट्रियाच्या सैन्यातल्या थिओडोर शाइमफ्लुग या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. बलूनमधून काढलेले जमिनीचे तिरके फोटो सरळ कसे करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. १९०४ च्या त्यांच्या पेटंटमधलं तंत्र आज आमच्या अंधाऱ्या खोलीत डोळ्यांचे नकाशे काढतं.

पडद्यावर चार रंगीत चित्रं उमटतात. निळा-हिरवा म्हणजे सपाट, पिवळा-लाल म्हणजे उभार. सिलिंडर नंबर असलेल्या निरोगी डोळ्यात मधोमध डमरूसारखा आकार दिसतो, वर-खाली सारखा. त्या मुलाच्या उजव्या डोळ्यात डमरूची खालची वाटी वरच्यापेक्षा मोठी आणि केशरी होती. पण त्याहून महत्त्वाचं दिसलं ते मागच्या पृष्ठभागाच्या चित्रात. तिथे मध्याच्या जरा खाली, कानाच्या बाजूला, छोटं बेट उभं राहिलेलं होतं. आणि कॉर्नियाची सगळ्यात पातळ जागा नेमकी त्याच बेटावर.

मागचा पृष्ठभाग का बघायचा? कारण पुढचा खोटं बोलतो. कॉर्नियावर सगळ्यात बाहेर जेमतेम ५० मायक्रॉनची नाजूक त्वचा असते. ती गवंड्यासारखी काम करते. भिंतीला फुगवटा आला तर तिथे गिलावा पातळ, खड्ड्यात जाड. वरून हात फिरवला तर भिंत सपाट! सुरुवातीच्या केरॅटोकोनसमध्ये हेच होतं. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी ओसीटी या प्रकाशाने थर मोजणाऱ्या यंत्राने या त्वचेच्या जाडीचाही वेगळा नकाशा काढतात. मध्ये पातळ आणि भोवती जाड असं कडं दिसलं की खाली काहीतरी लपलं आहे हे कळतं. काही दवाखान्यांत आणखी एक यंत्र असतं. ते डोळ्यावर हवेचा फुत्कार सोडतं आणि कॉर्निया आत दबून परत कसा येतो त्याचं सेकंदाला चार हजारांहून जास्त चित्रांचं चित्रण करतं. मऊ कॉर्निया जास्त दबतो. आंबा पिकलाय का हे आपण अंगठ्याने बघतो, तसंच.

पण या सगळ्या यंत्रांच्या आधी मी एक प्रश्न विचारते आणि त्याचं उत्तर सहसा पेशंट देत नाही. “डोळे चोळता का?” मुलगा म्हणाला, “नाही.” मागून आई म्हणाली, “नाही काय? लहानपणापासून चोळतोय. रात्री अभ्यासाला बसला की मुठीने रगडतो नुसता.” ॲलर्जीने खाज, खाजेने चोळणं, चोळण्याने कॉर्निया कमजोर: ही साखळी नेत्रतज्ज्ञांना चांगली माहीत आहे. सोबत कुणी आलेलं असेल तर मी त्यांना बाहेर बसवत नाही ते याचसाठी.

खोटं बोलण्यावरून आठवलं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना तपासणीआधी लेन्स काढून ठेवायला सांगतात. मऊ लेन्स असेल तर निदान एक-दोन आठवडे, कडक असेल तर तीन-चार आठवडे किंवा जास्तच. कारण लेन्स कॉर्नियाला आपल्या आकारात दाबून ठेवते. एक मुलगी “हो, दोन आठवडे झाले” म्हणाली आणि नकाशा असा वाकडा आला की डॉक्टर थबकले. मी पुन्हा विचारलं, तर “काल रात्री मैत्रिणीच्या हळदीला घातल्या होत्या.” पंधरा दिवस खरोखर चष्मा वापरून आली, तर नकाशा स्वच्छ. आणि नंबरही अर्ध्या नंबराने वेगळा! पहिल्या दिवशीच्या आकड्यांवर लेसर केलं असतं, तर चुकीचा नंबर डोळ्यावर कायमचा कोरला गेला असता.

नंबर तपासणीतही असंच. एकदा चष्म्यासारखा तपासतात, एकदा थेंब घालून. तरुण डोळा जवळ बघण्यासाठी स्नायू आवळतो आणि मायनस उगाच वाढवून दाखवतो. थेंबांनी तो स्नायू सैल पडतो. त्याच थेंबांनी बाहुलीही मोठी होते आणि डॉक्टर मागचा पडदा कडेपर्यंत बघतात. लांबलेल्या डोळ्यात पडदा ताणलेला असतो, कडेला पातळ जागा किंवा बारीक भोक निघू शकतं. ते आधी वेगळ्या लेसरने वेढून बंद करावं लागतं. इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात. चष्मा गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते, त्यामुळे पडद्याची तपासणी दर वर्षी करायची ती करायचीच. थेंबांमुळे त्या दिवशी काही तास धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात. तपासणीला स्वतःची गाडी चालवत येऊ नका.

मग अश्रू. टिपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. पट्टी किती मिलिमीटर भिजली ते बघायचं. ही शर्मर चाचणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, इतक्या यंत्रांच्या गर्दीत अजून टिकून आहे. दहाच्या पुढे भिजली तर ठीक, पाचच्या आत राहिली तर डोळा कोरडा. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसाही कापल्या जातात. त्या परत वाढायला महिने लागतात आणि तोवर डोळ्याला आपण कोरडे आहोत हे नीट कळतही नाही. दिवसाचे दहा तास एसीत स्क्रीनपुढे बसणारी हिंजवडीची मंडळी आधीच पापणी कमी लववतात. त्यांचा कोरडेपणा महिना-दोन महिने औषधाने सुधारून मगच लेसर करायचं, नाहीतर नंबर शून्य आणि खिशात कायम थेंबांची बाटली. ज्यात फ्लॅप नसतो आणि बारीक छेदातून पातळ चकती काढतात त्या स्माइलमध्ये नसा कमी कापल्या जातात, हा त्याचा खरा फायदा. ‘स्माइल केलं की कॉर्निया अशक्त होत नाही’ असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ऊती तिथेही काढलीच जाते, आणि संशयास्पद नकाशाला स्माइलही चालत नाही.

विचारपूस लांबते ती अशीच. संधिवात किंवा ल्युपससारखा आजार? जखम भरायला तो आड येतो. गरोदर आहात, बाळ अंगावर पितंय? संप्रेरकांमुळे नंबर हलतो, थांबा. पुटकुळ्यांच्या गोळ्या? यावर मुली गप्प बसतात, कारण ‘त्या तर स्किनच्या’. पण त्यातल्या आयसोट्रेटिनॉइनने डोळे चांगलेच कोरडे पडतात. वय अठराच्या वर हवंच, आणि गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्या नंबरापेक्षा जास्त हललेला नको. जुन्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या घेऊन या म्हणतो ते यासाठी. बहुतेकांनी त्या फेकून दिलेल्या असतात.

सैन्याची तयारी करणारी मुलं येतात त्यांचं गणित वेगळंच. हवाई दलाच्या वैद्यकीय निकषांत लेसरनंतर कॉर्नियाची एकूण जाडी ४५० मायक्रॉनच्या खाली नको, विसाव्या वर्षाआधी केलेलं नको, होऊन वर्ष झालेलं हवं, अशा अटी वाचायला मिळतात. ५२० मायक्रॉन आणि मायनस सहा असलेल्या मुलाचे ८४ गेले की ४३६ उरतात. वैद्यकीयदृष्ट्या डोळा उत्तम, भरतीत मात्र बाद. त्यामुळे आधी आपल्या भरतीची ताजी अधिसूचना अक्षर न् अक्षर वाचा, मग आमच्याकडे या.

आणि चाळिशीच्या आसपासचे काका. मायनस अडीच. पेपर वाचताना चष्मा डोक्यावर सरकवतात आणि मजेत वाचतात. त्यांचा मायनस अडीच हाच त्यांचा वाचायचा चष्मा आहे! तो लेसरने काढला की लांबचं स्वच्छ, पण पेपर वाचायला चष्मा लागणार. हे त्यांना समोर पेपर धरूनच दाखवावं लागतं. नुसतं सांगून ‘हो हो, कळलं’ म्हणतात आणि नंतर भांडायला येतात.

अपेक्षांचं हे बोलणं मला यंत्रांइतकंच तपासणीचा भाग वाटतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लॅसिकच्या पेशंटांनाच प्रश्नावल्या देऊन केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. आधी काहीच त्रास नसलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांनी तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलय, चकाकी असं काही ना काही नवीन दिसत असल्याचं सांगितलं. त्याचा रोजच्या कामात फार अडथळा होणारे मात्र एक टक्क्याहूनही कमी, आणि समाधानी लोक खूप. दोन्ही आकडे एकत्रच सांगायला हवेत. रात्री घाटातून ट्रक चालवणाऱ्याला पहिला जास्त महत्त्वाचा.

लेसर झालं तर तपासणीचे सगळे कागद दागिन्यांच्या पावत्यांसारखे जपा. पुढे मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना कॉर्निया मूळचा कसा होता हे माहीत असलं तर फार सोपं जातं. काचबिंदूच्या तपासणीतही पातळ झालेला कॉर्निया दाब खोटा कमी दाखवतो.

त्या मुलाला हे सगळं सांगितल्यावर त्याने विचारलं, “दुसरीकडे दाखवून बघू का?” जरूर बघा, म्हटलं. नकाशा सोबत न्या, आणि कुणी नकाशा न काढता तारीख दिली तर तिथून उठा. लेसरला नकार मिळालेल्या काहींना आत लेन्स बसवायची शस्त्रक्रिया चालते, कारण तिच्यात कॉर्निया कोरावा लागत नाही. पण आकार बदलत राहणाऱ्या डोळ्यात तीही घाईने करायची नाही. डॉक्टरांनी त्याला ॲलर्जीचे थेंब दिले, चोळणं बंद सांगितलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा नकाशाला बोलावलं. बेट वाढलेलं दिसलं तर रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण देऊन कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार आहे, आणि तो जितका लवकर तितका बरा.

तो लग्नाच्या विचारात होता. आई मात्र उठता उठता म्हणाली, “हे घराण्यात असतं का हो? धाकटीपण चोळते डोळे.”

असतं, कधी कधी. पुढच्या गुरुवारी ती सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. कॉलेजचा गणवेश, दोन वेण्या, चष्मा नाही, तक्रार नाही. मी तिची हनुवटी आधारावर टेकवली, दिवा बंद केला आणि म्हटलं, “डोळे मोठे उघड. आता पापणी लववू नकोस.”